दाट वस्ती वेगळी, दाटीवाटी वेगळी: शहरातल्या घरांवरचं संशोधन नेमकं काय सांगतं

वाढत्या शहरात एखादी उंच बिल्डिंग मंजूर झाल्याची बातमी आली की लगेच दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते बास झालं आता, शहर भरलंय, अजून किती माणसं कोंबणार, पोरांनी खेळायचं कुठे. दुसरी म्हणते अहो घरंच कमी आहेत म्हणून तर भाडी आभाळाला टेकलीत, बांधू द्या की. दोघांचंही थोडं थोडं बरोबर असतं आणि तरी हा वाद संपत नाही, कारण दोघंही दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतात. गर्दी.

संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अहवालाप्रमाणे जगातली ५५ टक्के माणसं शहरात राहत होती आणि २०५० पर्यंत हे प्रमाण ६८ टक्क्यांवर जाईल असा अंदाज आहे. म्हणजे शहर आवडो न आवडो, बहुतेक मुलं इथेच वाढणार. कुठल्या घरात, कुठल्या गल्लीत ती नीट वाढतात यावर शंभरेक वर्षं अभ्यास चाललाय, पण घर घेताना आपल्या हातात पडतं ते बिल्डरचं ब्रोशर, आणि त्यात स्विमिंग पूलचा फोटो असतो.

## आधी दोन शब्द वेगळे करू

घनता म्हणजे ठराविक जमिनीवर किती माणसं राहतात. समजा एका हेक्टरवर पाचशे माणसं. घनता जास्त असली की ती दाट वस्ती. दाटीवाटी मात्र घराच्या आतली गोष्ट आहे, एका खोलीत किती जण झोपतात, अभ्यास करतात, आजारी पडतात.

डबलडेकर बस डोळ्यापुढे आणा. ती रस्त्यावर जवळपास साध्या बसएवढीच जागा अडवते. डबलडेकरमध्ये ऐंशी माणसं आहेत आणि सगळी बसलीत, साध्या बसमध्ये सत्तर आहेत आणि निम्मी एकमेकांच्या पायावर उभी आहेत. दाट कुठली? डबलडेकर. जीव कुठे गुदमरतो? दुसरीकडे. एवढंच आहे ते, पण शहराबद्दल बोलायला लागलो की हे साधं गणित आपण विसरतो.

याचं सगळ्यात भारी उदाहरण न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटाचं. आपल्याला वाटणार आज तिथे आभाळाला भिडणाऱ्या इमारती आहेत म्हणजे माणसंही आजच सगळ्यात जास्त असणार. तर नाही. १९१० च्या जनगणनेत तिथे २३ लाखांवर माणसं राहत होती आणि २०२० मध्ये जेमतेम १७ लाख. ११० वर्षांत इमारती कुठल्या कुठे गेल्या आणि माणसं कमी झाली. १९१० सालची ती माणसं बहुतेक करून पाच-सहा मजली, लिफ्ट नसलेल्या चिंचोळ्या इमारतींत राहायची, दोन-तीन खोल्यांत अख्खं कुटुंब, वर भाड्याला हातभार म्हणून ठेवलेला एखादा भाडेकरू, आणि त्याच खोलीत दिवसभर कपडे शिवायचं काम. म्हणजे बुटक्या इमारतींत दाटीवाटी होती आणि उंच इमारती आल्यावर ती कमी झाली. बिल्डिंग किती उंच आहे यावरून आत माणसं कशी राहतायत ते कळत नाही, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं आहे.

दाटीवाटी मोजतात कशी? संयुक्त राष्ट्रांची वस्तीविषयक संस्था राहत्या खोलीमागे तीनपेक्षा जास्त माणसं असली तर ते घर दाटीवाटीचं धरते. युरोपात माप बरंच कडक आहे, कुटुंबाला एक सामायिक खोली, जोडप्याला एक, मोठ्या माणसाला एक, मुलांना वय बघून, असं मोजत जातात. त्यामुळे एक देश म्हणतो आमच्याकडे दाटीवाटी कमी आणि दुसरा म्हणतो जास्त, तेव्हा आधी पट्टी कुठली लावली ते विचारायचं.

## दाटीवाटीत बिघडतं काय

पहिलं म्हणजे साथीचे आजार. एका खोलीत जास्त माणसं आणि हवा खेळती नाही, की क्षयरोग, फ्लू, पोटाचे विकार पटापट पसरतात, हे फार जुनं ज्ञान आहे. दुसरं झोप, कारण एकाची रात्रपाळी, एकाची परीक्षा, एकाचं तान्हं बाळ आणि दिवा एकच. तिसरं जरा अदृश्य आहे, घरात एकटं बसायला कोपराच नसणं. भांडण झालं तर जायचं कुठे हा प्रश्न फालतू वाटतो पण तो रोज येतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घर आणि आरोग्य यावर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात दाटीवाटीबरोबर घरातली थंडी, घरातली उष्णता, घरात होणाऱ्या इजा आणि अपंग माणसाला घर वापरता येणं हे विषय घेतले. थंडी आणि उष्णता यात कशाला असं वाटेल. २००३ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये उष्णतेच्या लाटेत सुमारे १५ हजार माणसं गेली आणि नंतर तपासलं तेव्हा दिसलं की थेट छपराखालच्या खोलीत झोपणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना धोका जास्त होता. न्यूझीलंडमध्ये उलटी बाजू दिसली. तिथे १३५० घरं घेतली, चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं की कुणाच्या छताला आणि जमिनीला उष्णतारोधक थर आधी लावायचा आणि कुणाला वर्षभराने. बेडरूमचं तापमान सरासरी फक्त अर्धा अंशाने वाढलं, ओल थोडी कमी झाली. एवढ्यावर मुलांच्या शाळेच्या दांड्या बऱ्याच घटल्या आणि छातीत घरघर होण्याच्या तक्रारीही कमी झाल्या. २००७ मध्ये हे छापून आलं. अर्धा अंश!

## नियम केले की काम झालं, असं का नाही

इथे थोडं विषयांतर करते पण ही गोष्ट मला फार आवडते. १८७९ मध्ये न्यूयॉर्कने कायदा केला की झोपायच्या प्रत्येक खोलीला बाहेरच्या हवेकडे उघडणारी खिडकी पाहिजे. छान. बिल्डर लोकांनी काय केलं, दोन इमारतींच्या मध्ये अरुंद उभी फट सोडली आणि खिडक्या त्या फटीत काढल्या. कायदा पाळला गेला. मग वरच्या मजल्यांवरची माणसं त्या फटीत कचरा टाकायला लागली, खाली कुजायला लागलं, वासाने लोकांनी खिडक्या बंदच करून टाकल्या, आणि आग लागली की तीच फट धुराड्यासारखी ज्वाळा वर ओढायची. शेवटी १९०१ मध्ये नवा कायदा आला, त्यात फटीऐवजी चांगलं मोठं अंगण सोडायची सक्ती आली आणि घरात संडास आला. आजही "प्रत्येक खोलीला नैसर्गिक उजेड" असं वाचलं की मी आधी बघते खिडकीसमोर काय आहे.

## घर दाराशी संपत नाही

आत्तापर्यंत आपण दाराच्या आत होतो. मुलांच्या बाबतीत दाराबाहेरचा भाग निदान तेवढाच महत्त्वाचा निघतो, आणि घर घेताना आपण त्याकडे सगळ्यात कमी बघतो.

डोनाल्ड ॲपलयार्ड नावाच्या संशोधकाने १९६० च्या दशकाच्या शेवटी सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन रस्त्यांचा अभ्यास केला. दिसायला तिन्ही रस्ते साधारण सारखे, फरक फक्त वाहनांचा, एकावरून दिवसाला २ हजार गाड्या, दुसऱ्यावरून ८ हजार, तिसऱ्यावरून १६ हजार. मग लोकांना विचारलं की या रस्त्यावर तुमचे मित्र किती. शांत रस्त्यावर माणशी सरासरी ३ मित्र आणि ६.३ ओळखीचे, वर्दळीच्या रस्त्यावर ०.९ मित्र आणि ३.१ ओळखीचे. त्याने लोकांना नकाशावर "माझं घर" कुठपर्यंत ते काढायला सांगितलं, तर शांत रस्त्यावरच्यांनी अख्खा रस्ता आपला म्हणून रंगवला आणि वर्दळीच्या रस्त्यावरच्यांची रेघ बिल्डिंगच्या भिंतीशी थांबली. म्हणजे फ्लॅट तेवढाच, पण घर मात्र बारकं झालं.

गाड्यांचा दुसरा परिणाम कानातून होतो. मॅनहॅटनमध्ये हायवेच्या बरोबर डोक्यावर उंच इमारती बांधल्यात. १९७३ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात तिथल्या मुलांना तपासलं, तर जितका खालचा मजला तितका आवाज जास्त आणि वाचनाचं कौशल्य कमी, खास करून जी मुलं तिथे चार वर्षं किंवा जास्त राहिली होती त्यांचं. संशोधकांचं म्हणणं असं की पोरं सतत आवाज ऐकून तो कानाआड करायला शिकतात, आणि त्याबरोबर बोलण्यातले बारीक फरकही कानाआड होतात, एकसारखे वाटणारे दोन शब्द वेगळे ऐकू येईनासे होतात, मग वाचनात अडतं.

## "पण चांगल्या वस्तीत मुळात सुस्थितीतलीच माणसं राहतात ना?"

हा आक्षेप एकदम रास्त आहे आणि या विषयातला सगळ्यात अवघडही. शांत, झाडांच्या गल्लीतली मुलं निरोगी दिसली तर ते गल्लीमुळे की आईवडिलांच्या पगारामुळे? जो तो परवडेल तिथे राहतो, त्यामुळे नुसती तुलना करून काही सिद्ध होत नाही. महागड्या जिमबाहेर फिट माणसं दिसतात म्हणून जिमच्या दाराने फिट केलं असं नसतं.

म्हणून अमेरिकेत १९९४ ते १९९८ मध्ये थेट लॉटरी काढली. बाल्टिमोर, बॉस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क, पाच शहरं, अतिगरीब वस्तीतल्या सरकारी घरांमधली सुमारे ४६०० कुटुंबं. चिठ्ठीत नाव निघालेल्या एका गटाला कमी गरिबीच्या वस्तीत भाड्याने राहायला मदत मिळाली, दुसऱ्या गटाला कुठेही वापरता येईल अशी मदत, आणि तिसऱ्याला यातलं काही नाही. चिठ्ठीच असल्यामुळे तिन्ही गटांतली माणसं सुरुवातीला सारखीच होती, फरक पडला तर तो वस्तीचा.

पहिली काही वर्षं निकाल निराशाजनक होता. मोठ्यांची कमाई वाढली नाही, मुलांचे मार्क वाढले नाहीत, आणि बऱ्याच लोकांनी हात झटकले. मग २०११ मध्ये दिसलं की चांगल्या वस्तीत जायची संधी मिळालेल्या बायकांमध्ये अतिलठ्ठपणा आणि मधुमेह कमी आहे. आणि २०१५ मध्ये अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या झालेल्या मुलांची कमाई तपासली, तर १३ वर्षांच्या आत असताना जी मुलं कमी गरिबीच्या वस्तीत गेली त्यांची विशी-पंचविशीतली कमाई सुमारे ३१ टक्क्यांनी जास्त निघाली. १३ च्या पुढे हललेल्यांना फायदा नाही, उलट थोडा तोटाच, बहुतेक मित्र आणि शाळा तुटल्यामुळे. एकाच घरातली दोन भावंडं, एक आठ वर्षांचं आणि एक पंधराचं, एकाच दिवशी सामान हलवलं आणि परिणाम वेगळा. वस्तीचा असर औषधासारखा रोज थोडा थोडा साचतो, किती वर्षं मिळाला त्यावर ठरतं.

## "टॉवरमध्ये पोरं वाढतात का हो?"

टॉवरविरोधी लोक हमखास अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातल्या प्रुइट-आयगो या वसाहतीचं नाव घेतात. ११ मजली ३३ इमारती, १९५० च्या दशकात बांधल्या आणि १९७२ पासून सुरुंग लावून पाडल्या. पण तिथे लिफ्ट दर तिसऱ्या मजल्यावरच थांबायची, बाकीच्यांनी जिन्याने चढा-उतरायचं, आणि दुरुस्तीचा खर्च भाड्यातून काढायचा असं ठरलेलं. शहरच रिकामं व्हायला लागलं, घरं ओस पडली, भाडं आटलं, मग ना लिफ्ट दुरुस्त ना दिवे. उंचीपेक्षा हिशोबाने ती वसाहत मेली असं माझं मत आहे. सिंगापूरमध्ये चारपैकी तीनहून जास्त रहिवासी सरकारने बांधलेल्या उंच इमारतींत राहतात आणि तिथे तळमजला मुद्दाम मोकळा ठेवतात, पोरांना, म्हाताऱ्यांना, समारंभाला.

तरी टॉवरवाल्यांनी लगेच टाळ्या वाजवू नयेत. डॅनिश वास्तुरचनाकार यान गेल यांचं निरीक्षण आहे की साधारण पाचव्या मजल्यापर्यंत खालच्या माणसाशी नातं राहतं, चेहरा ओळखू येतो, हाक मारता येते, त्यावर गेलं की ते तुटतं. लहान मुलाच्या आईला हे सांगायला संशोधक लागत नाही. दुसऱ्या मजल्यावरून "वर ये रे" असं ओरडता येतं, अठराव्यावरून नाही, मग एकतर कुणीतरी मोठ्याने खाली जाऊन बसायचं किंवा पोराने टीव्हीसमोर.

कॅनडातल्या व्हँकुव्हरने यावर १९९२ मध्येच लेखी सूचना काढल्या. प्रकल्पात मुलांवाल्या कुटुंबांची निदान २० घरं पाहिजेत, का तर पोराला त्याच्या वयाचा कोणीतरी सापडला पाहिजे. प्राथमिक शाळा, पाळणाघर आणि किराणा ८०० मीटर चालण्यात, खेळायची जागा आणि बस स्टॉप ४०० मीटरवर. खेळायची जागा घरातून दिसली पाहिजे. साध्या गोष्टी आहेत, पण कागदावर लिहिल्या म्हणून झाल्या.

व्हिएन्नाने १९९७ मध्ये ३५७ घरांची एक वसाहत पुरी केली, आराखडे चार महिला वास्तुरचनाकारांचे. सुरुवातच त्यांनी रोजच्या कामांपासून केली. बाबागाडी वर न्यायची नाही, मग ती ठेवायला जिन्याशी जागा. स्वयंपाकघरातून अंगण दिसलं पाहिजे. जिना उजेडाचा, म्हणजे शेजारी भेटला तर दोन मिनिटं थांबावंसं वाटेल. बालवाडी आवारातच. याच शहरात बागांचा अभ्यास केला तेव्हा कळलं की दहाच्या आसपास वय झालं की मुली बागेत दिसेनाशा होतात, कारण मधलं एकुलतं एक मोठं मैदान मुलगे अडवतात आणि मुली भांडत बसत नाहीत, निघून जातात. दोन बागांत जागा छोट्या तुकड्यांत वाटली, वेगवेगळ्या खेळांची सोय केली, आणि मुली परत आल्या.

## मग सगळे असंच का बांधत नाहीत

एक कारण पैसा. एका मोठ्या फ्लॅटच्या जागेत दोन छोटे बसवले तर ते एकूण जास्त किमतीला जातात, आणि गुंतवणूक म्हणून घेणाऱ्याला छोटाच हवा असतो. म्हणून व्हँकुव्हरला २०१६ मध्ये नियम करावा लागला की नव्या मंजुरीच्या प्रकल्पांत निदान ३५ टक्के घरं दोन किंवा जास्त बेडरूमची हवीत.

दुसरं कारण जिना आहे, खरंच. उत्तर अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी तीन-चार मजल्यांवरच्या इमारतीला दोन जिने सक्तीचे, आग लागली तर दोन वाटा हव्यात म्हणून. दोन जिने जोडायला मधून लांब कॉरिडॉर येतो आणि फ्लॅट त्याच्या दोन्ही बाजूंना, कपाटात पुस्तकं लावल्यासारखे. पुस्तकाचा फक्त कणा बाहेर दिसतो तशी अशा फ्लॅटला एकाच बाजूने खिडकी मिळते. बेडरूमला तर खिडकी पाहिजेच, मग तीन बेडरूम बसवायच्या कुठे? म्हणून एक बेडरूमचे लांबुळके फ्लॅट निघतात आणि वारा आरपार जात नाही. युरोपात बऱ्याच देशांत एका जिन्याभोवती मजल्यावर दोन-चारच फ्लॅट चालतात, त्यांना दोन बाजूंनी खिडक्या मिळतात. अमेरिकेतल्या सिएटलमध्ये अग्निसुरक्षेच्या अटी पाळून सहा मजल्यांपर्यंत एक जिना चालतो. आगीचा मुद्दा हलका नाही, स्प्रिंकलर (आग लागताच छतातून पाणी फवारणारी सोय) आणि आगीला टिकणारी दारं नसतील तर एक जिना हा जुगार आहे. पण घरात मुलाला खोली मिळेल की नाही हे जिन्याच्या नियमात ठरतं हे किती जणांना माहीत असतं?

## झाडं लावली की भागतं का

थोडं भागतं. पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलमध्ये पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ४६ पेशंटच्या नोंदी रॉजर उलरिच या संशोधकाने तपासल्या, १९८४ मध्ये निष्कर्ष छापला. खिडकीतून झाडं दिसणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, विटांची भिंत दिसणारे ८.७० दिवसांत. अभ्यास छोटा आहे, त्यावर डोंगर उभा करू नये. हल्ली एक सोपं माप सांगतात, सेसिल कोनाइनेंडाइक यांनी २०२१ मध्ये मांडलेलं ३-३०-३००: घरातून तीन झाडं दिसावीत, वस्तीवर ३० टक्के सावली असावी, ३०० मीटरवर बाग असावी. लक्षात ठेवायला बरं आहे, स्वतःच्या खिडकीतून मोजून बघा.

## "सगळं छान झालं की भाडं वाढणार, मग आम्हीच बाहेर"

हो, हे होतं. रस्ता शांत झाला, बाग आली, की तिथे राहायला येणाऱ्यांची रांग लागते आणि ज्यांच्यासाठी केलं ते लांब फेकले जातात, आणि वरच्या लॉटरीने दाखवलं तसं वाढत्या वयात फेकलं जाणं पोरांना महाग पडतं. फक्त एकच गल्ली सुधारली तर हे होणारच, दुष्काळात एकाच विहिरीला पाणी असलं की झुंबड तिथेच उडते. व्हिएन्नाला हे जरा सोसतं कारण तिथली जवळपास निम्मी माणसं महापालिकेच्या किंवा अनुदानातल्या घरांत राहतात, बाग चांगली झाली म्हणून त्यांचं भाडं एका रात्रीत बाजाराप्रमाणे उडत नाही. सुधारणा आणि परवडणारी घरं ही दोन कामं वेगवेगळ्या खात्यांनी वेगवेगळ्या वर्षी करायची ठरवली की पहिलं काम दुसऱ्याच्या मुळावर येतं.

## हे सगळं बदलायला पिढी जाईल?

काही गोष्टींना जाईल. काहींना नाही. न्यूयॉर्कमध्ये एक शाळा उंचावरून जाणाऱ्या रेल्वेच्या अगदी शेजारी होती. दर काही मिनिटांनी गाडी जायची आणि शिक्षक बोलता बोलता थांबायचे. आर्लीन ब्रॉन्झाफ्ट यांनी १९७५ मध्ये दाखवलं की रुळाच्या बाजूच्या वर्गातली मुलं वाचनात शांत बाजूच्या मुलांच्या मागे आहेत, सहावीपर्यंत जवळजवळ वर्षभराने. शाळा हलवली नाही, रेल्वे बंद केली नाही. रुळांखाली रबराचे तुकडे बसवले आणि वर्गांच्या छताला आवाज शोषणारं आच्छादन लावलं. १९८१ मध्ये पुन्हा तपासलं तेव्हा दोन्ही बाजूंची मुलं सारखंच वाचत होती.